सासूच्या मनगटाला सुनेचा पाय

मी पायाळू आहे. जन्माला येताना मी डोकं मागे ठेवलं आणि पाय पुढे केले. आई म्हणायची, "हे पोरगी जगात आली नाई, जगाले लाथ मारून आत घुसली."

आमच्या वऱ्हाडात पायाळू माणसाचा पाय औषधी समजतात. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की त्यानं पालथं पडायचं आणि पायाळूनं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा. तीन सकाळी, उपाशीपोटी. आमचा मळा अकोल्याला मोर्णा नदीच्या पलीकडे होता. वांगी, मेथी, बांधाला शेवंती. मी सहा वर्षांची झाले आणि मळ्यात भाजीच्या गिऱ्हाइकांपेक्षा कमरेची गिऱ्हाइकं जास्त येऊ लागली. कचेरीत ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पक्षकार उठून उभे राहत, ते वकील कोट घडी करून माझ्या आईच्या हातात देत आणि आमच्या गोणपाटावर उताणे नव्हे, पालथे पडत. पूजा सांगणारे भटजी सोवळं सांभाळत पडत. एकदा शाळेतले गुरुजी आले. आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर दोन छड्या ओढल्या होत्या. त्यांच्या कमरेवर तिसरा पाय जरा मनापासून पडला. गुरुजी उठले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आता मोकळं वाटतं." मलाही वाटत होतं.

मात्र पायाळू असण्याची दुसरी बाजूही होती. पायाळूवर वीज पडते, असं लोक मानत. अशी सून घरात आणायची म्हणजे ढग गडगडला की घरानं जीव मुठीत धरायचा. म्हणून माझं लग्न ठरताना माझ्या पायांबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. अमरावतीचं स्थळ, फुलमाळ्याचं घर, मुलगा शांत. अकोल्याच्या ठेसनावर गाडीत बसवताना आईनं माझा पदर नीट केला आणि कानात सांगितलं, "तिकडं पायाचं बोलजो नको." वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. तो जोड कसा होता हे मोठ्या लोकांना ठाऊक. माझा जोड मूर्तिजापूर मागे टाकून बडनेऱ्याला गाडी बदलल्यावर सुरू झाला.

अमरावतीचं घर परकोटाच्या तटाबाहेर, मळ्याला लागून होतं. आणि त्या घरात, मळ्यात, विहिरीवर, सगळीकडे एकच माणूस होतं: माझी सासू. आम्ही सासूला आत्याबाई म्हणायचो. उंच, सडसडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हात असे की पाहत राहावं. सुई न घेता हार बांधायच्या. केळीच्या सोपटाचा ओला धागा डाव्या हातात, उजव्या हातानं दोन फुलं उचलायची, अंगठ्यावरून धाग्याचा फेर, मनगटाला एक झटका आणि गाठ. फूल, फेर, झटका. बोलणं चालू, भांडण चालू, चुलीवरच्या वरणाकडे लक्ष चालू, आणि मांडीवरून हार साप सरकावा तसा खाली उतरत असायचा.

आमच्या पेठेत देवीचं एक लहान देऊळ होतं. घटस्थापनेच्या दिवशी देवीच्या गळ्यात पहिला हार आमच्या घरचा पडायचा. हा मान आत्याबाईंना त्यांच्या सासूकडून आला होता. मानाला अट अशी की हार सोळा हात लांब, सुईशिवाय बांधलेला, आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत त्यातलं एक फूलही गळता कामा नये. पूर्वी हा मान आत्याबाईंच्या चुलत जावेच्या घरात होता. एका वर्षी आरतीच्या आत त्यांच्या हारातली तीन फुलं गळली आणि मान आमच्याकडे आला. ती तीन फुलं दोन्ही घरांत कुणी विसरलं नव्हतं. चुलत जाऊ दर नवरात्रात देवळात येऊन आमच्या हाराखालची फरशी आधी बघायची आणि देवी नंतर.

माझ्या लग्नाला सहा महिने झाले, भादवा आला. महालक्ष्म्या, गणपती, घरोघरी हार. आत्याबाईंनी आठ दिवस दिवसरात्र फुलं बांधली. गणपती बोळवले त्या दिवशी त्या ओसरीवर बसल्या होत्या, मी शेजारी फुलांच्या टोपल्या झाडत होते, आणि मला आवाज आला. नवी कातडी वहाण घालून कुणी चालावं तसा. करकर, करकर. मी दाराकडे पाहिलं, कुणी नाही. आवाज आत्याबाईंच्या हातातून येत होता.

त्या अंगठा वळवत, मनगट फिरवत, आणि मनगट वाजे. अंगठ्याच्या मुळापासून वर चार बोटं सूज होती. मी हळूच हात ठेवला तर कातडीखाली कोरडी पानं चुरगळल्यासारखं लागलं. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या म्हणाल्या, "काई नाई. हात बोलून राहिला."

दोन दिवसांत ही बातमी गल्लीभर झाली आणि बायका ऐकायला येऊ लागल्या. एकेक जण मनगटाला कान लावी, आत्याबाई अंगठा वळवत, आणि ती "अगं बाई" म्हणून मागे सरकून दुसरीला जागा देई. चुलत जाऊही आली. तिनं सगळ्यांपेक्षा जास्त वेळ कान लावला. मग पदरानं कान पुसत म्हणाली, "आता नवरात्राचं कसं करता मंग, बाई? मोठा मान हाय. तुमाले झेपन का?"

तिची पाठ वळली आणि आत्याबाईंनी पहिल्यांदा दुखतं म्हणून कबूल केलं. नवऱ्यानं त्यांना डॉक्टरकडे नेलं, मी बरोबर गेले. डॉक्टर पुण्याकडचे, नवे, चष्मा पुसत बोलणारे. त्यांनी मनगट दाबलं, अंगठा मुठीत धरून हात खाली वाकवला, आत्याबाई कळवळल्या. डॉक्टर म्हणाले, मनगटातून बोटाकडे एक दोरी जाते, तिच्यावर खोळ असते, ती खोळ सुजली आहे. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना इलाज उरला नाही. "पायजम्याचा नेफा असतो ना? त्यातून नाडी जाते. तुमचा नेफा सुजलाय. नाडी ओढली की घासते, म्हणून आवाज येतो."

परक्या पुरुषानं नेफ्याचं आणि नाडीचं नाव काढलं म्हणून आत्याबाई भिंतीकडे बघू लागल्या. मला मात्र ते एका झटक्यात समजलं. फूल, फेर, झटका. दिवसाला हजारदा तीच नाडी त्याच नेफ्यात. डॉक्टरांनी एक पातळ फळी घेतली, हाताखाली ठेवली, पट्टीनं बांधली. रोज दोनदा शेक द्यायचा, आणि पंधरा दिवस या हाताला कुठलंही काम नको.

"पंधरा दिवस?" आत्याबाई भिंतीवरून वळल्या. "मंग घरचं कोन करन? तुमी येता का?"

"हात हलवलात तर पुढे अंगठा मिटणार नाही. मग हार विसरा."

"आमचा हात तुमाले काहून पायजे बांधून? गाय हाय का?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले. वऱ्हाडी बाईचं साधं बोलणं पुण्याच्या कानाला भांडण वाटतं, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. घरी येईपर्यंत आत्याबाईंनी पट्टी सोडली होती. फळी त्यांना आवडली, गुळगुळीत होती. तिच्यावर त्या ओवा निवडू लागल्या.

पितृपक्ष लागला. या दिवसांत फुलांना गिऱ्हाईक नसतं, म्हणजे हाताला आराम मिळायला हवा होता. पण आत्याबाईंना रिकामा हात म्हणजे पाप. जातं ओढत, गवार तोडत, विहिरीवरून पाणी आणत, आणि मनगट करकरत. त्यांना सांगायची सोय नव्हती. नवऱ्यानं सांगून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, तू डॉक्टरचा पोरगा हायस का माह्या? दर दिवशी त्या एकदा दोन फुलं आणि धागा घेऊन बसत, एक गाठ मारून बघत, आणि गाठ पुरी न होताच धागा खाली पडे. घटस्थापनेला तेरा दिवस राहिले होते.

तेव्हा मी आईचा शब्द मोडला. आधी नवऱ्याला सांगितलं, मी पायाळू आहे. त्यानं बराच वेळ माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "पडते का वीज?"

"अजून नाई पडली."

"मंग ठीक हाय," म्हणून तो पाटाचं पाणी फिरवायला गेला.

त्याच्याबरोबर मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि माझा बेत सांगितला. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, पायानं काही होत नाही, पण काही बिघडतही नाही, जोर लावू नका म्हणजे झालं. हात स्थिर राहणं मला हवं आहे. त्यासाठी तुम्ही लाथ मारा नाहीतर आरती करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीतल्या पाचसहा जणी ओसरीवर असताना, मी पदर खोचला आणि मध्ये उभी राहिले. अकोल्याच्या वकिलांच्या कमरेपासून सुरुवात केली. भटजी, गुरुजी, एक तहसीलदार (हा मी जागच्या जागी घडवला), सगळ्यांना पालथं पाडून उभं केलं. बायकांची तोंडं उघडीच. आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "काहून लपवलं?"

"आईनं सांगितलं होतं."

"वीज पडते म्हून?" त्या आभाळाकडे न बघता म्हणाल्या, "पडली तं पडली. तिले काय आपलंच घर सापडन? लाव पाय."

तीन सकाळी हा सोहळा झाला. पहिल्या दिवशी इतकी गर्दी की तिसऱ्या घरची म्हातारी स्वतःचा पाट घेऊन आली. सासूला पाय लावणारी सून, तोही सगळ्यांसमोर, सासूच्या हुकमानं! असा मान वऱ्हाडात दुसऱ्या कुठल्या सुनेला मिळाला असेल तर तिनं मला कळवावं. आत्याबाई उंबऱ्याशी बसल्या, हात पाटावर ठेवला. मी उजवा पाय उचलला. थंडगार जोडवी मनगटाला लागली आणि आत्याबाई दचकल्या. माझ्या पोटातून हसू वर येऊ लागलं.

"हसजो नको," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. त्यांचेही ओठ थरथरत होते.

पाय लावून झाला आणि मी माझी खरी खेळी खेळले. गंभीर चेहरा करून नेम सांगितला. पायाळूचा पाय लागलेल्या हातानं सर्वपित्री सरेपर्यंत फूल शिवायचं नाही, पाणी ओढायचं नाही, जातं धरायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पुरचुंडीनं शेक. आणि हात देवाच्या लाकडावर बांधून ठेवायचा. देवाचं लाकूड म्हणजे ओव्याखालची तीच फळी. मी ती धुतली, हळदकुंकू लावलं, तांबडं फडकं गुंडाळलं. डॉक्टरची म्हणून चार पावलांत सुटलेली फळी आता आत्याबाईंनी कपाळाला लावून बांधून घेतली.

काय सांगू तो नेम त्यांनी कसा पाळला. विहिरीकडे बघत नसत. जात्याजवळून जाताना हात पदराखाली घेत. जेवण डाव्या हातानं, तेही लाजत. सगळं काम माझ्यावर पडलं. पाणी, दळण, गवार, गाय. माझीच खेळी माझ्याच पाठीवर बसली, आणि माझी पाठ दुखली तर पाय लावायला मी एकटीच पायाळू. पण करकर कमी होत गेली. रोज फळी सोडून शेक देताना मी कान लावायचे. आधी नवी वहाण, मग जुनी वहाण, मग नुसता पाचोळा. सर्वपित्री अमावस्येला सकाळी कान लावला तर काही नाही. सूज नाही, अंगठा वळला, दुखलं नाही. मी उठून ओसरीभर नाचले.

संध्याकाळी फुलं तोडून ओल्या कपड्यात ठेवली. पहाटे हार बांधायचा. पहाटे आंघोळ करून आत्याबाई आल्या, टोपल्यांसमोर बसल्या, आणि हात मांडीत घेऊन तशाच राहिल्या.

"बांधा ना, आत्याबाई."

"या हातानं? याले पाय लागला हाय. पाय लागलेल्या हातानं देवीचं फूल कसं शिवू?"

मी म्हटलं, नेम सर्वपित्री सरेपर्यंतचा होता, आता सरला. त्या म्हणाल्या, नेम सरला, पण पाय तर लागला तो लागलाच. इतके दिवस फूल शिवायचं नाही म्हणजे हात बाटला म्हणूनच ना? मी त्यांचे पाय धरले आणि खरं सांगून टाकलं. नेम माझ्या मनचा आहे, आराम डॉक्टरांचा आहे, फळी डॉक्टरांची आहे, देवाचं त्यात काही नाही. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवला. "मान वाचवाले खोटं बोलून राहिली पोरगी. देवीपुढं बोलू नये."

इतके दिवस माझं खोटं त्यांनी शब्दाला शब्द पाळलं आणि खरं पहिल्याच वाक्याला झिडकारलं. खोटं मी फार चांगलं सांगितलं होतं, हाच माझा गुन्हा. बाहेर उजाडू लागलं होतं.

"तूच बांध," त्या म्हणाल्या. "घरचा हात हाय, चालते."

मला हार बांधता येत होता, पण सहा महिन्यांचा. दोन हातांचा बरा, सोळा हातांचा संध्याकाळपर्यंत टिकणारा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी बसले. धागा धरला. पहिली गाठ सैल पडली. आत्याबाईंनी नाकातून श्वास सोडला. दुसऱ्या गाठीत झेंडूचं तोंड आत वळलं. त्यांची मान वळली. तिसरी गाठ मारताना मी तिरक्या नजरेनं पाहिलं: मांडीतला त्यांचा अंगठा माझ्याबरोबर आपसूक फिरत होता. फूल, फेर, झटका.

मग मी देवीची मनोमन क्षमा मागितली आणि मुद्दाम वाईट बांधू लागले. शेवंती दोन इकडे, तीन तिकडे. देठ लांबच्या लांब. गाठ अशी की फूल धाग्यावर झोके घेई. आत्याबाई म्हणाल्या, "आवळ." मी सोडली. त्या म्हणाल्या, "देठ खुड." मी पाकळ्या खुडल्या. त्यांच्या कपाळावरचं कुंकू वर गेलं, खाली आलं. शेवटी मी एक झेंडू उलटा, देठ पुढं करून बांधला आणि तो त्यांच्यासमोर धरून विचारलं, "असं?"

"सोड, मेले!" धागा माझ्या हातातून गेला. त्यांनी माझा सगळा हार एका ओढीत उसवला, दोन फुलं उचलली, अंगठ्यावरून फेर, झटका, गाठ. पुन्हा फुलं, फेर, झटका. तोंडानं माझ्या माहेरचा उद्धार चालू होता: अकोल्याच्या मळ्यात पोरींना काय शिकवतात, लाथा मारणं सोडून काय येतं यांना. हार मांडीवरून उतरू लागला. एक हात, दोन हात, चार हात. मी कान लावून मनगटाचा आवाज ऐकत होते. आवाज नव्हता.

सहाव्या हातावर त्या थांबल्या. आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. ओसरीवर फक्त मोटेचा आवाज येत होता. नवरा मळ्यात पाणी काढत होता.

"शिवलं मी," त्या म्हणाल्या.

आयुष्यात फार थोड्या वेळा मी तोंड मिटून बसले आहे. त्यातली ही एक.

त्यांनी हाराची शेवटची गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली. ती हलली नाही. मग पुढची दोन फुलं उचलली. "देवीले काय सांगायचं थे मी सांगीन," त्या म्हणाल्या. "तू देठ खुडून दे. बरोबर खुड."

हार सोळा हातांचा झाला आणि आत्याबाईंनी आपल्या हातांनी देवळात नेला. दिवसभर आम्ही दोघी कामाच्या निमित्तानं चारदा देवळात जाऊन आलो. आरतीच्या वेळी चुलत जाऊ फरशीकडे बघत उभी होती. मीही बघत होते. फरशीवर एक पाकळी होती. ती खालच्या घटाच्या माळेची निघाली. आरती संपली तेव्हा चुलत जाऊनं देवीला नमस्कार केला, मग आत्याबाईंचं मनगट हातात घेऊन कानाला लावलं आणि सोडून दिलं.

त्या पहाटे देवीला काय सांगितलं हे आत्याबाईंनी मला कधी सांगितलं नाही. मी दुसऱ्यांदा कबुली दिली नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पण खंडेनवमीला मळ्यातली हत्यारं ओसरीवर मांडली, विळे, खुरपी, फावडं, मोटेचं चाक, तेव्हा त्यांनी आतून तांबड्या फडक्यातली फळी आणली. फडकं सोडलं. हळदीखाली डॉक्टरांच्या पट्टीचा चिकट डाग धुऊनही अजून होता. ती नुसती फळी त्यांनी विळ्याशेजारी ठेवली आणि तिलाही कुंकू लावलं.

पुढे जितकी वर्षं आत्याबाई होत्या तितकी वर्षं गणपती बोळवले की त्या आपणहून ती फळी मागून घेत आणि पंधरा दिवस हात बांधून बसत. जातं, पाणी, गवार सगळं माझ्याकडे. त्यांचा हात पुन्हा कधी वाजला नाही. एका खंडेनवमीला चुलत जाऊ हळदीकुंकवाला आली, हत्यारांकडे पाहत म्हणाली, "हे लाकूड कायचं हो, बाई?"

आत्याबाई पान लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्या सुनेच्या पायाचं."